फुप्फुसाच्या रक्तवाहिन्यांचं मॉडेल: रोध आणि कम्प्लायन्स कोणत्या क्रमाने काढायचे

विद्यार्थी मॉडेल तपासायला आणतात तेव्हा मी आधी एवढंच विचारतो: आजार दाखवायला रोध (रक्ताला होणारा अडथळा) वाढवलात, मग कम्प्लायन्सचं (वाहिन्या दाबाखाली किती ताणल्या जातात त्याचं) काय केलंत? उत्तर बहुतेक वेळा ठरलेलं असतं. "ते तसंच ठेवलं, सर. एका वेळी एकच गोष्ट बदलायची ना?"

प्रयोगशाळेत हा नियम बरोबर आहे, फुप्फुसात तो फसवतो. शरीराच्या मोठ्या रक्ताभिसरणात ताणलं जाण्याचं काम बरंचसं महाधमनी करते आणि रोध पुढच्या बारीक धमन्यांत असतो. ही दोन कामं दोन जागी असल्यामुळे तिथे ती वेगळी धरता येतात. फुप्फुसात मुख्य धमनी आणि तिच्या मोठ्या फांद्या मिळून एकूण कम्प्लायन्सचा जेमतेम पाचवा हिस्सा देतात. बाकीचा सगळा त्याच बारीक वाहिन्यांच्या जाळ्यात पसरलेला असतो, जिथे रोधही असतो. त्या वाहिन्या अरुंद आणि कडक झाल्या की एकाच फटक्यात रोध चढतो आणि कम्प्लायन्स उतरतो.

खाली दोन घटकांचं विंडकेसल मॉडेल, म्हणजे ठोक्याचं रक्त साठवून पुढे सोडणाऱ्या वाहिन्यांचं साधं गणिती रूप, बांधलं आहे. एक रोध, एक कम्प्लायन्स, बस. पायथनमध्ये जमतं, एक्सेलमध्येही जमतं. हे शिकण्या-शिकवण्यासाठी आहे, कुणाच्या उपचाराचा निर्णय घेण्यासाठी नाही.

तयारी: कागदावर आधी काय लिहून घ्यायचं

सहा आकडे लागतात: फुप्फुस धमनीचा वरचा, खालचा आणि सरासरी दाब, वेज प्रेशर (फुप्फुसाच्या पलीकडचा, डाव्या हृदयाकडचा दाब; पुढे नुसतं 'वेज'), कार्डिअॅक आउटपुट (हृदय मिनिटाला टाकतं ते रक्त) आणि हृदयगती. सगळे हृदयाच्या उजव्या बाजूच्या कॅथेटर (बारीक नळी घालून केलेल्या) तपासणीतून येतात. इकोवरून (हृदयाच्या सोनोग्राफीवरून) वरच्या दाबाचा अंदाज मिळतो, पण वेज प्रेशर थेट मोजता येत नाही. म्हणून अर्धे आकडे इकोचे आणि अर्धे कॅथचे अशी खिचडी करू नका.

लेखभर एकच निरोगी माणूस घेऊ. दाब २३/१०, सरासरी १५, वेज ८ (सगळे मिमी पारा). आउटपुट मिनिटाला ५.२५ लिटर, हृदयगती ७५. म्हणजे स्ट्रोक व्हॉल्यूम (एका ठोक्यात बाहेर पडणारं रक्त) ७० मिलि आणि ठोक्याचा काळ ०.८ सेकंद.

१. आकडे एकाच वेळचे आहेत का ते बघा

दाब सकाळचा आणि आउटपुट दुपारचं असेल तर पुढचं सगळं गणित पाण्यात. हृदयगतीही आउटपुट मोजलं त्याच क्षणाची हवी. दाखल होताना नर्सने केसपेपरवर लिहिलेली गती इथे चालत नाही. थर्मोडायल्यूशनने (थंड द्रव सोडून तापमानाच्या बदलावरून) आउटपुट काढलं असेल तर किमान तीन वाचनं घ्या, आणि ती एकमेकांपासून १० टक्क्यांच्या आत हवीत.

दाब श्वास सोडून झाल्यावरच्या क्षणाचे घ्यायचे की श्वासाच्या पूर्ण चक्राची सरासरी, हे आधी ठरवा आणि सगळ्या रुग्णांना तोच नियम लावा. धमनीचा दाब एका पद्धतीने आणि वेज दुसऱ्या पद्धतीने घेतलेला मी पाहिला आहे. वेजमध्ये तीन-चार मिमीचा फरक पडला तरी निरोगी माणसात रोध निम्म्याने इकडेतिकडे होतो, कारण मुळात वजाबाकीच ७ ची आहे.

ठोके अनियमित असतील तर एका ठोक्यावर मॉडेल बांधू नका. आठ-दहा ठोक्यांची सरासरी घ्या.

*सावधान:* कॅथेटरच्या नळीत हवेचा बुडबुडा राहिला तर दाबाचा आलेख गुळगुळीत, 'छान' दिसतो. वरचा दाब खाली येतो, खालचा वर जातो, सरासरी मात्र जवळपास तशीच राहते. म्हणून रोध बरोबर येतो, कम्प्लायन्स खोटा आणि फुगलेला येतो आणि कुणाला शंकाही येत नाही. उलट नळी थरथरत असेल तर वरच्या दाबाला खोटं टोक येतं आणि कम्प्लायन्स कमी दिसतो. आकडे उतरवण्याआधी मूळ आलेख डोळ्यांनी बघा.

ट्रान्सड्यूसरची (दाब मोजणाऱ्या यंत्राची) उंची चुकली तर? १० सेंमी खाली राहिला तर प्रत्येक दाब सुमारे ७ मिमी पाऱ्याने जास्त येतो. धमनी आणि वेज दोन्ही सारखेच चढतात, त्यामुळे वजाबाकीत ही चूक जाते आणि रोध-कम्प्लायन्स वाचतात. पण दहाव्या टप्प्यात प्रत्यक्ष दाबच लागतो आणि तिथे ही चूक अंगाशी येते.

२. युनिट आत्ताच बदला, नंतर नाही

दवाखान्यात रोध वुड युनिटमध्ये सांगतात, म्हणजे मिमी पारा भागिले लिटर प्रति मिनिट. मॉडेल मात्र सेकंदांत आणि मिलिलिटरमध्ये चालतं. बदल असा:

१ वुड युनिट = ०.०६ मिमी पारा·सेकंद/मिलि

जुन्या रिपोर्टमध्ये डाइन·सेकंद/सेंमी⁵ हे युनिट असतं, तिथे ८० ने भागलं की वुड युनिट मिळतात.

हे वाचायला बाळबोध वाटतं. मी स्वतः एकदा अख्खी संध्याकाळ मॉडेल 'स्थिर का होत नाही' म्हणून कोड उकरत बसलो होतो. रोध वुड युनिटमध्येच भरला होता. १.३३ ऐवजी ०.०८ टाकलं आणि आलेख दहा सेकंदांत सरळ झाला.

*तपासणी:* निरोगी माणसाचा रोध मॉडेलमध्ये ०.१ च्या आसपास हवा. तो १ च्या वर दिसला तर आधी युनिट बघा, आजार नंतर.

३. रोध काढा

रोध = (सरासरी दाब − वेज) ÷ आउटपुट

आपल्या माणसाचा: (१५ − ८) ÷ ५.२५ = १.३३ वुड युनिट, म्हणजे ०.०८. युरोपच्या २०२२ च्या मार्गदर्शक सूचनांत २ वुड युनिटच्या पुढचा रोध वाढलेला धरतात, तेव्हा हा माणूस आरामात आत बसतो.

इथे दोनच चुका होतात. एक, वेज वजा करायचाच राहतो आणि ७ च्या जागी १५ भागला जातो. दोन, सरासरी दाब आलेखावरून न घेता 'वरचा अधिक दोनदा खालचा, भागिले तीन' या सूत्राने काढतात. यंत्राने आलेखाखालचं क्षेत्रफळ मोजून सरासरी दिली असेल तर तीच घ्या.

४. कम्प्लायन्सचा कच्चा अंदाज

कच्चा कम्प्लायन्स = स्ट्रोक व्हॉल्यूम ÷ (वरचा दाब − खालचा दाब)

७० ÷ १३ = ५.४ मिलि प्रति मिमी पारा.

बरेच जण इथेच थांबतात आणि हाच आकडा मॉडेलमध्ये भरतात. थांबू नका. या सूत्राने असं गृहीत धरलंय की ठोक्याचे सगळे ७० मिलि आधी धमन्यांत साठले आणि झडप मिटल्यावरच पुढे गेले. प्रत्यक्षात हृदय रक्त टाकत असतानाच बरंचसं रक्त पुढे निघून जातं. नळ चालू ठेवून तळाला भोक असलेली बादली भरावी, तशातला हा प्रकार. पाणी किती चढलं यावरून बादलीचा घेर काढायला गेलात तर तो नेहमी मोठाच येणार. रुग्णांची आपसात तुलना करायला हा आकडा ठीक आहे, मॉडेलमध्ये फक्त सुरुवातीला वापरायचा.

५. आवक प्रवाह तयार करा

हृदयातून येणारा प्रवाह अर्ध्या साइन लाटेसारखा धरा. रक्त टाकण्याचा काळ ०.३ सेकंद, उरलेले ०.५ सेकंद शून्य. लाटेची उंची अंदाजाने ठेवायची नसते:

कमाल प्रवाह = π (पाय, ३.१४) × स्ट्रोक व्हॉल्यूम ÷ (२ × रक्त टाकण्याचा काळ)

म्हणजे ३.१४ × ७० ÷ ०.६ = सुमारे ३६७ मिलि प्रति सेकंद.

*तपासणी:* एका ठोक्यातल्या सगळ्या प्रवाहाची बेरीज करून टाइम स्टेपने (मॉडेलच्या एका पावलाच्या काळाने) गुणा. ७० यायलाच हवेत. ६८ किंवा ७३ आले तर लाट चुकली आहे. ती चूक पुढे कम्प्लायन्सच्या माथी मारली जाते.

६. मॉडेल चालवा

टाइम स्टेप ०.००१ सेकंद. प्रत्येक पावलाला एकच ओळ:

नवा दाब = जुना दाब + (टाइम स्टेप ÷ कम्प्लायन्स) × [आवक − (जुना दाब − वेज) ÷ रोध]

कंसातला दुसरा भाग म्हणजे पुढे निघून जाणारं रक्त. तिथे वेज वजा केला नाही तर दाब शून्याकडे घसरतो. निरोगी फुप्फुसात तो वेजच्या खाली जायचं काही कारण नाही.

सुरुवातीचा दाब सरासरीइतका, १५ ठेवा. २० ठोके चालवा आणि फक्त शेवटचा वापरा. पहिल्या ठोक्यावरूनच वरचा-खालचा दाब वाचणं ही इतकी सर्रास चूक आहे की मी आता पहिले पाच ठोके आलेखात दाखवूच देत नाही.

*तपासणी:* शेवटच्या ठोक्याचा सरासरी दाब १५ यायलाच हवा. सरासरी प्रवाह ७० ÷ ०.८ = ८७.५, गुणिले ०.०८ म्हणजे ७, अधिक वेज ८. कम्प्लायन्स काहीही असला तरी ही सरासरी हलत नाही. हलली तर चूक कोडमध्ये आहे, शरीरशास्त्रात नाही. मग टाइम स्टेप निम्मी करून पुन्हा चालवा. दाब बदलत नसतील तर पुढे चला.

७. कम्प्लायन्स पुन्हा बसवा

५.४ घालून चालवलंत तर वरच्या आणि खालच्या दाबातला फरक सुमारे ८ येतो. मोजलेला होता १३. बादलीचा घेर मोठा धरल्याचा हा परिणाम.

आता कम्प्लायन्स खाली आणत जा:

४ ठेवला तर फरक सुमारे १०.५
३ ठेवला तर सुमारे १३.२
३.०५ ला १३

३.०५ वर मॉडेल २२.७/९.७ देतं, मोजलेलं होतं २३/१०. अर्ध्या मिमीच्या आत बसलं. या माणसाचा मॉडेलमधला कम्प्लायन्स ३.०५ आहे, ५.४ नाही. कच्चा आकडा पाऊणपटीहून जास्त फुगलेला होता.

दुसरा रस्ता आहे तो डायस्टोलमधल्या (दोन ठोक्यांमधल्या विश्रांतीतल्या) दाबाच्या घसरणीवर वक्र बसवण्याचा. त्यात तीन खड्डे आहेत. वक्र दाबाच्या टोकापासून नाही, झडप मिटल्याच्या खाचेनंतर सुरू करायचा. पुढच्या ठोक्याचा चढ लागण्याआधी थांबायचं. आणि घसरण शून्याकडे नाही, वेजकडे जाते असं धरायचं. हृदयगती जास्त असेल तर डायस्टोल इतका आखूड उरतो की वक्राला पकडायला काही मिळत नाही. तिथे वरचीच पद्धत बरी.

८. आरसी वेळ: कुठला कम्प्लायन्स घेतलात ते लिहा

रोध (R) गुणिले कम्प्लायन्स (C) म्हणजे आरसी वेळ, सेकंदांत. आवक थांबली की वेजच्या वरचा दाब तेवढ्या वेळात ३७ टक्क्यांवर येतो.

कच्च्या कम्प्लायन्सने: ०.०८ × ५.४ = ०.४३ सेकंद.
बसवलेल्या कम्प्लायन्सने: ०.०८ × ३.०५ = ०.२४ सेकंद.

माणूस तोच, तपासणी तीच, आकडे दोन. लेखांत छापलेली आरसी वेळ बरेचदा कच्च्या सूत्राची असते. तुमची बसवलेली वेळ तिच्याशी ताडून 'माझ्या रुग्णाची वेळ निम्मी का?' असा शोध घेऊ नका. दोन्ही बाजूंना एकच पद्धत ठेवा आणि वहीत आकड्याशेजारी पद्धत लिहा.

९. आजार घालताना दोन्ही बटणं एकत्र फिरवा

आता खरी परीक्षा. समजा, रुग्णाचा दाब ७८/३१, सरासरी ५०, वेज १०, आउटपुट ४ लिटर, हृदयगती ८०. स्ट्रोक व्हॉल्यूम ५० मिलि, रोध १० वुड युनिट म्हणजे ०.६.

आधी चुकीचं करून बघा. रोध ०.६ ठेवा, वेज, स्ट्रोक व्हॉल्यूम आणि गती रुग्णाची घ्या, पण कम्प्लायन्स निरोगी माणसाचा ३.०५ च राहू द्या. मॉडेल देतं सुमारे ५५/४५. सरासरी अचूक ५०, म्हणून सहाव्या टप्प्यातली तपासणी पास होते! पण ७८/३१ च्या जागी ५५/४५ म्हणजे नाडीसारखी उसळी जवळपास गायब, आणि उजव्या हृदयाला प्रत्येक ठोक्यात २३ मिमी कमी दाबाविरुद्ध काम करावं लागतंय असा दिलासा. हा दिलासा खोटा आहे.

आता कम्प्लायन्स बसवा. कच्चा ५० ÷ ४७ = १.०६, बसवलेला सुमारे ०.६४. मॉडेल ७६/२९ देतं. मोजलेल्यापासून दोन्हीकडे २ मिमी कमी, पण चित्र तेच. रोध साडेसात पट चढला आणि कम्प्लायन्स जवळपास पाच पट उतरला. दोघांचा गुणाकार मात्र ०.२४ वरून ०.३८ एवढाच सरकला.

म्हणून प्रत्यक्ष आकडे हाताशी नसताना काल्पनिक आजार उभा करायचा असेल, तर रोध दुप्पट करताना कम्प्लायन्स साधारण निम्मा करा. त्याला ढोबळ नियमच समजा. याचा एक तिरपा परिणाम लक्षात ठेवण्यासारखा आहे: आजाराच्या सुरुवातीला, रोध अजून किरकोळ वाढलेला असताना, कम्प्लायन्स भराभर कोसळतो. रोध आधीच खूप असेल तेव्हा तो आणखी वाढला तरी कम्प्लायन्सकडे गमावण्यासारखं फारसं उरलेलं नसतं.

*सावधान:* डाव्या हृदयाच्या आजारात वेज चढलेला असतो, तेव्हा हा नियम जसाच्या तसा लावू नका. वेज चढला की त्याच रोधाला कम्प्लायन्स अपेक्षेपेक्षा कमी येतो आणि आरसी वेळ आखूड होते. अशा रुग्णांचा गट वेगळा ठेवा.

१०. हे मॉडेल कुठे तोकडं पडतं

व्यायामात. आपल्या निरोगी माणसाचा प्रवाह तिप्पट करा, १५.७५ लिटर. रोध आणि वेज स्थिर धरले तर सरासरी दाब २९ येतो. प्रत्यक्षात दाब चढला की वाहिन्या रुंदावतात आणि रोध पडतो. निरोगी वाहिन्यांचा व्यास दर १ मिमी पाऱ्याला साधारण १ ते २ टक्के वाढतो. २ टक्के धरून ताणल्या जाणाऱ्या वाहिन्यांचं समीकरण वापरलं तर तोच दाब २३.६ च्या आसपास येतो आणि रोध १.३३ वरून १ वुड युनिटवर उतरतो. व्यायामात वेजही वाढतो, तोही मोजलेलाच घाला. या समीकरणात दाबाची वजाबाकी नाही, प्रत्यक्ष दाब जातो. पहिल्या टप्प्यातला ट्रान्सड्यूसर आठवतोय ना?

व्हेंटिलेटरवर. हवेच्या पिशव्यांतला दाब शिरांतल्या दाबापेक्षा जास्त झाला की प्रवाह ठरवणारा फरक 'धमनी वजा शीर' राहत नाही, तो 'धमनी वजा पिशवी' होतो. व्हेंटिलेटर दाब सेंमी पाण्यात दाखवतो. १० सेंमी पाणी म्हणजे ७.४ मिमी पारा. हे बदलायचं विसरलात तर दुसऱ्या टप्प्यातली चूक वेगळ्या वेशात परत येते. शिवाय उभ्या माणसाच्या फुप्फुसाची उंची ३० सेंमी धरली तर टोक आणि तळ यांच्या रक्तदाबात सुमारे २३ मिमीचा फरक असतो. आपल्या मॉडेलमधलं फुप्फुस मात्र एकाच उंचीवर आहे.

झटपट बदलांत. चढणाऱ्या लाटेचा अचूक आकार हवा असेल तर मोठ्या धमनीचा लाटरोध (दाबाच्या लाटेला तोंडाशीच होणारा अडथळा) हा तिसरा घटक लागतो. तो घालताना सगळे एकच चूक करतात: एकूण रोध तसाच ठेवून वर लाटरोध जोडतात आणि सरासरी दाब फुगतो. लाटरोध एकूण रोधातून वजा करून उरलेला पुढच्या रोधाला द्या, मग सहाव्या टप्प्यातली सरासरीची तपासणी पुन्हा चालवा. लाटरोधामुळे दाबाचं टोक बदलतं, तेव्हा कम्प्लायन्सही सातव्या टप्प्यापासून नव्याने बसवावा लागतो. आधीचा ३.०५ तसाच उचलून ठेवू नका.